लाईट जाणार, बिट उलटणार, चिप चुकणार : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात वॉचडॉग टायमरवर (प्रोग्रॅमने वेळोवेळी थोपटलं नाही तर प्रोसेसर रीसेट करणारं घड्याळ) जेमतेम एक परिच्छेद लिहिला होता. त्यावर आलेली पत्रं वाचून ठरवलं, या वेळचं सगळं सदर एकाच विषयाला द्यायचं: हार्डवेअर कधी ना कधी दगा देणार हे धरून खालच्या पातळीचं सॉफ्टवेअर, म्हणजे चिपमध्येच बसवलेलं फर्मवेअर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कसं लिहावं. माझी नोकरी भोसरीच्या कंट्रोलर बोर्डांवर सुरू झाली आणि मोठ्या सर्व्हरच्या खोल्यांमध्ये संपली. दोन्हीकडे एकच गोष्ट मला महत्त्वाची वाटत आली. यंत्र बंद पडलं की माणूस धावत येतो. यंत्र चुकीचं उत्तर देत चालूच राहिलं, तर कोणीच येत नाही. म्हणून आधी चूक पकडा आणि तिथल्या तिथे अडवा. काम चालू कसं ठेवायचं हा त्यानंतरचा विचार.

ताई, आमचा भोसरीत छोटा कारखाना आहे. दूध थंड ठेवायच्या बल्क कूलरचे कंट्रोलर बनवतो. माल जुन्नर, शिरूर, इंदापूरकडे जातो. लाईट गेली-आली की काही बोर्ड हँग होतात, काहींच्या सेटिंग उडतात आणि चार डिग्रीच्या जागी भलताच आकडा दिसतो. फर्मवेअर लिहिणारा मुलगा म्हणतो हार्डवेअरचा प्रॉब्लेम आहे. हार्डवेअरवाला म्हणतो गावाकडची लाईटच तशी. खरं कोणाचं? — एक उद्योजक, भोसरी

निदान दोघांचंही बरोबर असू शकतं. पण लाईट तशीच राहणार आहे आणि दूध चार डिग्रीलाच राहायला हवं. तेव्हा चूक कोणाची हे सोडा, ती कमी खर्चात कोणाला सांभाळता येते ते बघा. पार्ट वाढवला तर दर बोर्डामागे पैसे मोजावे लागतात. फर्मवेअरच्या शंभर ओळी एकदाच लिहायच्या असतात.

आधी सेटिंग. ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी मजकूर जपणारी मेमरी) एकदा लिहायला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात व्होल्टेज कोसळलं तर जुनं पुसलेलं असतं आणि नवं पुरतं उमटलेलं नसतं. शिवाय प्रोसेसर कमी व्होल्टेजवर लटपटत चालू राहिला तर भलत्याच जागीही लिहू शकतो. म्हणून पहिलं काम म्हणजे कंट्रोलरमधला ब्राऊन-आऊट डिटेक्टर (व्होल्टेज घसरलं की प्रोसेसर रीसेट करून थांबवणारा भाग) चालू आहे ना हे तपासा. कित्येक बोर्डांत तो असतो, पण चालूच केलेला नसतो. मग सेटिंग दोन वेगळ्या जागी ठेवा. प्रत्येक प्रतीबरोबर एक वाढता अनुक्रमांक आणि सीआरसी (डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा) लिहा. बदल करताना नेहमी जुन्या प्रतीवर लिहायचं, चालू प्रतीला हात लावायचा नाही. बोर्ड सुरू होताना दोन्ही वाचा. ज्याचा सीआरसी जुळतो आणि क्रमांक मोठा, ती प्रत खरी. लिहिताना लाईट गेली तरी फार तर शेवटचा बदल जाईल, आधीची सेटिंग शाबूत राहील.

दोन्ही प्रती खराब निघाल्या तर? कारखान्यातून निघतानाचे आकडे भरा, पण गुपचूप भरू नका. डिस्प्लेवर ठसठशीत एरर दाखवा, बझर वाजवा. आणि आकडा वापरण्यापूर्वी त्याचा अर्थ तपासा: दुधाच्या टाकीचा सेट पॉइंट ६८ डिग्री असूच शकत नाही, मग सीआरसी जुळो वा न जुळो. कंप्रेसर किती तास चालला ते मोजायला दर मिनिटाला एकाच जागी लिहीत असाल तर तेही थांबवा. कंट्रोलरच्या आतल्या ईईप्रॉमची हमी बहुधा १ लाख वेळा लिहिण्याची असते. दिवसाला १४४० वेळा लिहिलं तर सत्तर दिवसांत ती संपते.

आता हँग. तुमच्या इलेक्ट्रिशियनला एक नेमका प्रश्न विचारा: बोर्ड रीसेटच्या बटनाने उठतो, की मेन स्विच बंद-चालू केल्यावरच उठतो? दुसरं उत्तर आलं तर मला आय-टू-सीच्या तारांचा संशय येईल. प्रोसेसर आणि वेगळी ईईप्रॉम चिप यांना जोडणाऱ्या या दोन तारा: एसडीएवर डेटा, एससीएलवर क्लॉक. होतं असं, की प्रोसेसर ईईप्रॉममधून एक बाइट वाचत असतो आणि मधेच रीसेट होतो. प्रोसेसर नव्याने सुरू झाला, पण ईईप्रॉमला याची खबर नाही. तिच्या लेखी वाचन अजून चालूच आहे. ती आपला पुढचा बिट, शून्य, एसडीएच्या तारेवर धरून पुढच्या क्लॉकची वाट बघत बसते. प्रोसेसरला तार मोकळी दिसत नाही, तोही वाट बघतो. वॉचडॉग कितीही वेळा रीसेट करू दे, दोघं समोरासमोर अडून राहतात, कारण रीसेटने ईईप्रॉमचा पुरवठा तुटत नाही. उपाय पाच-सहा ओळींचा आहे. सुरू होताना एसडीए खाली दिसली तर एससीएलवर प्रोग्रॅममधूनच एकेक करून नऊपर्यंत क्लॉक द्या. ईईप्रॉम उरलेले बिट सोडून देते, तार मोकळी होते; मग स्टॉप (संवाद संपल्याची खूण) द्या आणि नेहमीचं काम सुरू करा. हे फक्त सुरुवातीलाच नाही, आय-टू-सीवर वेळ संपली असं दिसेल तेव्हा दरवेळी करा. आणि आय-टू-सीची वाट बघणाऱ्या प्रत्येक लूपला वेळेची मर्यादा हवीच. 'उत्तर येईपर्यंत थांब' असं फर्मवेअरमध्ये कुठेही लिहिलेलं असेल, तर तिथे एक दिवस बोर्ड हँग होणार हे नक्की.

वॉचडॉग बहुतेक जण लावतात, पण त्याला टायमर इंटरप्टमधून (ठरावीक वेळाने मुख्य काम मधेच थांबवून चालणारा छोटा कोड) थोपटत राहतात. मुख्य लूप अडकला तरी इंटरप्ट चालूच असतो, त्यामुळे वॉचडॉगला सगळं आलबेल वाटतं. प्रत्येक कामाने आपण पूर्ण झालो अशी खूण ठेवावी, आणि सगळ्या खुणा जमल्या तरच मुख्य लूपने एकाच ठिकाणाहून थोपटावं. रीसेट झाल्यावर त्याचं कारण सांगणारं प्रोसेसरमधलं रजिस्टर वाचून ते मोजून ठेवा. लाईट गेल्यामुळे किती रीसेट झाले आणि वॉचडॉगमुळे किती, हे दोन आकडे सर्व्हिसवाल्याला डिस्प्लेवर दिसले तर तुमचा निम्मा वाद तिथेच मिटेल.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. कंप्रेसर थांबल्यावर आतला दाब समान व्हायला काही मिनिटं द्यावी लागतात. या वेळेची मोजणी बोर्डाच्या मेमरीत असते आणि बोर्ड रीसेट झाला की पुसली जाते. बोर्ड दर दहा सेकंदांनी रीसेट होऊ लागला तर कंप्रेसर दर दहा सेकंदांनी सुरू होईल आणि जळेल. म्हणून रीसेट झाला की सगळी आउटपुट बंद, आणि मोजणी पहिल्यापासून सुरू.

हे सगळं लिहून झालं की टेबलावर छळून बघा. तापकीर गल्लीतून एक टायमर आणि रिले आणा, बोर्डाची लाईट रात्रभर वेड्यावाकड्या वेळांनी तोडत-जोडत ठेवा, आणि बोर्डाला सतत सेटिंग बदलायला लावा. शेजारी काँटॅक्टर (मोठ्या करंटचा रिले) उघड-बंद करत ठेवला तर अजून चांगलं. त्या काँटॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (व्होल्टेजचा झटका शोषणारा पार्ट) नसेल तर तो हार्डवेअरवाल्याने लावायचा. ते काम फर्मवेअरच्या गळ्यात घालू नका. गावात सहा महिन्यांत जे होतं त्यातलं बरंचसं एका रात्रीत टेबलावर दिसतं.

मॅडम, मी कर्वेनगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अंतराळातून येणाऱ्या किरणांनी मेमरीतला बिट उलटतो असं वर्गात ऐकलं. मित्र म्हणतात, बग सापडला नाही की लोक आकाशाकडे बोट दाखवतात. — एक विद्यार्थी, कर्वेनगर

बिट उलटतो, यात शंका ठेवू नकोस. पण तुझ्या मित्रांची शंकाही टाकाऊ नाही.

१९७८ मध्ये इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी दाखवलं की मेमरी चिपच्या सिरॅमिक वेष्टनातच युरेनियम-थोरियमचा अंश होता, आणि त्यातून निघणारे अल्फा कण बिट उलटवत होते. म्हणजे शत्रू आकाशात नव्हता, चिपच्या अंगावरच्या कपड्यात होता. वेष्टनं शुद्ध केल्यावर तो कमी झाला. अंतराळातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे न्यूट्रॉन मात्र उरले, आणि उंचीवर त्यांचं प्रमाण वाढतं. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्खारबेक इथल्या मतदानयंत्रात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्तीची पडली. आकडा शक्यच नाही इतका मोठा होता म्हणून तो पकडला गेला. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही आणि तज्ज्ञांनी बिट आपोआप उलटल्याचा निष्कर्ष काढला. किरणाचा पुरावा कोणाच्याच हाती लागला नाही. असा पुरावा मागे राहतच नाही.

आता मित्रांची बाजू. २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरवरच्या मेमरीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक नोंदली गेली होती, आणि चुका पुन्हा पुन्हा त्याच त्याच पट्ट्यांमध्ये होत होत्या. किरण तर अशी निवड करत नाही. त्यातल्या बहुतेक चुका खराब होत चाललेल्या हार्डवेअरच्या होत्या. तेव्हा तुला कधी विचित्र क्रॅश दिसला तर आधी विचार: हे एकाच मशीनवर होतंय का? मेमरीतला पत्ता दरवेळी तोच आहे का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर पट्टी बदल. सगळ्या मशीनवर होत असेल तर तुझाच बग शोध.

सिस्टिम सॉफ्टवेअर इथे काय करतं ते मला फार सुंदर वाटतं, म्हणून थोडं सविस्तर. रिचर्ड हॅमिंगचा चूक शोधून दुरुस्त करणाऱ्या कोडवरचा शोधनिबंध १९५० चा. आजच्या ईसीसी (चूक दुरुस्त करणाऱ्या) मेमरीत त्याच वंशातला कोड असतो: ६४ बिट डेटामागे ८ तपासणीचे बिट. एक बिट उलटला तर तो आपोआप दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं. दोन उलटल्यावर पूर्वी बहुतेक वेळा अख्खं मशीन बंद करण्यापलीकडे काही करता येत नसे. २००९ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मेमरीचं खराब पान (ठरावीक आकाराचा तुकडा) ओळखून बाजूला काढण्याची सोय आली. कर्नल आधी बघतो, हे पान कोणाचं आहे. डिस्कवरच्या फाइलची न बदललेली प्रत असेल तर ते टाकून द्यायचं. पुढच्या वेळी डिस्कवरून नवं वाचलं जाईल, कोणाला कळणारही नाही. एखाद्या प्रोग्रॅमचा बदललेला डेटा त्या पानावर असेल तर फक्त त्या प्रोग्रॅमला सिग्नल पाठवायचा, बाकीचे चालू राहतात. पान कर्नलच्या स्वतःच्या डेटाचं निघालं तर मात्र अनेकदा इलाज नसतो, मशीन थांबतं. नुकसान जिथे झालं तिथेच थोपवायचं म्हणजे काय, हे शिकायचं असेल तर तो कोड वाच. बहुतेक लॅपटॉपमध्ये ईसीसी नसते, हेही ध्यानात ठेव.

आमच्या टीमकडे डेटा साठवण्याच्या सिस्टिमचं काम आहे. तीन प्रती ठेवतो, खाली रेड (एखादी डिस्क मेली तरी डेटा वाचवणारी अनेक डिस्कची रचना) आहे, नेटवर्कला स्वतःचे चेकसम (डेटावरून काढलेले तपासणीचे आकडे) आहेत. मी वरून आणखी चेकसम सुचवला तर मॅनेजर म्हणाले, कशाला खर्च? त्यांना काय सांगू? — एक इंजिनिअर, हिंजवडी

त्यांना दोन घटना सांगा. पहिली सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी त्यांच्या १९८४ च्या शोधनिबंधात दिली आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत अनेक छोटी नेटवर्क गेटवेने (मधल्या कॉम्प्युटरने) जोडलेली होती. प्रत्येक टप्प्यावर पॅकेटचा चेकसम तपासला जाई, म्हणून सगळे निश्चिंत होते. त्यातल्या एका गेटवेत बिघाड झाला: आलेला डेटा एका बफरमधून (मेमरीतली तात्पुरती जागा) दुसऱ्यात कॉपी करताना तो साधारण दहा लाख बाइटमागे एकदा दोन बाइटची अदलाबदल करू लागला. तारेवर चेकसम होता, गेटवेच्या पोटात नव्हता. त्यातून ये-जा करणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोर्स फाइल हळूहळू नासत गेल्या, आणि शेवटी जुन्या छापील प्रती काढून हाताने ताडून दुरुस्त कराव्या लागल्या.

दुसरी २०२१ मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी जाहीर केली. दाबून छोटा केलेला डेटा उलगडताना काही फाइल गायब होत होत्या. शोधत शोधत ते एका मशीनच्या एका कोअरपर्यंत (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणितं करणारा भाग) पोचले. तो कोअर १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक विचारला की ० देत होता. खरं उत्तर १५६. बाकीची बरीच गणितं तो बरोबर करायचा. फाइलचा आकार शून्य आला की पुढचा प्रोग्रॅम ती फाइल रिकामी समजून सोडून द्यायचा. क्रॅश नाही, एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. त्याच वर्षी गूगलच्या लोकांनीही लिहिलं की काही हजार मशीनमागे असे मोजके कोअर त्यांना सापडतात.

तुमच्या तीन प्रती डिस्क मेली तर वाचवतील. पण चुकीचा डेटा वरूनच आला तर तुम्ही तो तीन ठिकाणी इमानदारीने जपून ठेवाल. म्हणून चेकसम डेटा जन्मतो तिथे काढायचा, डेटाबरोबर शेवटपर्यंत न्यायचा आणि वापरणाऱ्याने तपासायचा. खर्चाचं म्हणाल, तर सीआरसी-३२-सी हा चेकसम काढायची खास सूचना (इन्स्ट्रक्शन) इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २००८ पासून आहे. मोजून दाखवा मॅनेजरना. माझ्या मते आकडा बघून ते गप्प बसतील.

तेवढ्याने भागत नाही, हेही सांगते. चेकसम काढण्यापूर्वीच कोअरने चूक केली तर चुकीच्या डेटावर तुम्ही बरोबर शिक्का मारला. ज्या कामात मूळ डेटा पुसला जातो तिथे जास्त काळजी घ्या. दाबून छोटी केलेली फाइल दुसऱ्या कोअरवर लगेच उलगडा, मूळ फाइलशी ताडून बघा, आणि मगच मूळ पुसा. कोणी न मागितलेल्या जुन्या ब्लॉकांचंही ठरावीक काळाने वाचन करत राहा, नाहीतर पहिली प्रत बिघडल्याचं तिसरी बिघडल्यावर कळेल. आणि एखाद्या कोअरवर संशय आला तर तो ताबडतोब कामातून काढता यायला हवा. लिनक्समध्ये एकेक कोअर बंद करता येतो. तसं करायला तीन जणांची परवानगी लागत असेल तर तो नियम बदलून घ्या.

दोन कंट्रोलर लावले, एक बिघडला की दुसरा घेईल. पुरे ना? — एक वाचक, चाकण

एक पूर्ण मरतो तेव्हा पुरे. दोघं वेगवेगळी उत्तरं देतात तेव्हा कोण खरं हे दोघांवरून ठरत नाही, म्हणून मतदानाला तीन लागतात. तुमच्या यंत्राला 'थांबलं' ही सुरक्षित अवस्था असेल, जशी प्रेस मशीनला असते, तर दोघांत मतभेद दिसताच थांबा. तिसऱ्याचा खर्च वाचला.

पण दोन्हींत एकच सॉफ्टवेअर असेल तर एरियन ५ हे युरोपचं रॉकेट आठवा. ४ जून १९९६. रॉकेटवर दिशा सांगणारी दोन युनिट होती, हार्डवेअर तेच, सॉफ्टवेअर तेच, एरियन ४ वरून आणलेलं. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि आधी राखीव युनिट बंद पडलं, पाठोपाठ मुख्य. बंद का पडलं? कारण डिझाइन करणाऱ्यांनी धरलं होतं की अशी चूक आलीच तर ती हार्डवेअरच्या आकस्मिक बिघाडाची असेल, तेव्हा हे युनिट थांबवून दुसऱ्याकडे जावं. त्यावर कडी म्हणजे बंद पडताना पाठवलेला निदानाचा डेटा मुख्य कॉम्प्युटरने उड्डाणाची माहिती म्हणून वाचला आणि इंजिनांचे नोझल वळवले; रॉकेट भरकटून नष्ट झालं. बिघाडाचा निरोप आणि खरा आकडा कधीही एकमेकांसारखे दिसता कामा नयेत. तुमच्या सेन्सरची तार तुटल्यावर फर्मवेअर ० डिग्री दाखवतं का, तेवढं आज तपासा.

नमस्कार. मी पीएचडी करते. आमच्या क्लस्टरवर माझा जॉब काही दिवस चालतो आणि मधेच एखादा नोड (क्लस्टरमधला एक कॉम्प्युटर) मेला की सगळं पहिल्यापासून. चेकपॉइंट (जॉबची तोवरची स्थिती डिस्कवर जपून ठेवणं) किती वेळाने घ्यावा? सारखा घेतला तर त्यातच वेळ जातो. — एक संशोधक, पाषाण

सी-डॅकने १९९१ मध्ये इथेच पुण्यात परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला तेव्हापासून समांतर मशीनवर काम करणाऱ्या सगळ्यांपुढे हा प्रश्न आहे. नोड जितके जास्त, तितका त्यातला एखादा मरण्याचा संभव जास्त. जॉन यंग यांनी १९७४ मध्ये याचं सोपं सूत्र दिलं: एक चेकपॉइंट लिहायला लागणारा वेळ गुणिले दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, गुणिले २, आणि त्याचं वर्गमूळ. समजा चेकपॉइंटला ५ मिनिटं लागतात आणि तुम्ही वापरता तेवढ्या नोडांमध्ये सरासरी दिवसातून एक बिघाड होतो. २ गुणिले ५ गुणिले १४४०, म्हणजे १४,४००. वर्गमूळ १२०. तेव्हा दर दोन तासांनी. अंदाज थोडा चुकला तरी फार बिघडत नाही, या सूत्राचा तो मोठा गुण आहे. दोन बिघाडांमधला वेळ क्लस्टर सांभाळणाऱ्यांकडून मागून घ्या, त्यांच्या लॉगमध्ये तो असतो.

नवा चेकपॉइंट जुन्यावर लिहू नका. नव्या नावाने लिहा, डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करा, चेकसम तपासा, मग नाव बदला, आणि निदान आधीचे दोन ठेवा. बिघाड उशिरा लक्षात आला तर शेवटचा चेकपॉइंटही नासलेला असू शकतो. तुमच्या गणितात ऊर्जा किंवा वस्तुमान कायम राहत असेल तर चेकपॉइंट लिहिण्याआधी तो आकडा जुळतो का बघा. जुळला नाही तर लिहू नका, जॉब थांबवा आणि कोणता नोड होता त्याची नोंद ठेवा. आणि मोठा जॉब टाकण्यापूर्वी एकदा स्वतःच एखाद्या नोडवरची प्रोसेस मारून, चेकपॉइंटवरून तो पुन्हा सुरू होतो का आणि शेवटचं उत्तर तेच येतं का, हे पाहून घ्या.